बनुबाईची ओटी

बनुबाई मिरजगावकर झकास गायची, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण गाणं संपल्यावर तिच्या तंबूमागे जी गर्दी उभी राहायची, तिच्याइतकं निर्लज्ज काही मी नगर जिल्ह्यात पाहिलेलं नाही. पुरुष उभे राहायचे ते तिच्या मोटारीला हात लावायला. मोटार जुनी, दोन दारांचे दोन रंग, तरी तिच्यावर हात फिरवून तोच हात स्वतःच्या तोंडावरून फिरवणारे शहाणे लोक मी पाहिलेत. एकाने तर तिने थुंकलेल्या पानाची पिंक रुमालाने टिपून नेली. तो गृहस्थ पुढे आपल्या गावात पंच म्हणून मिरवत असे.

बायकांचं तसं नव्हतं. त्या कामाने उभ्या राहायच्या. बनुबाई लहानपणीच जेजुरीच्या खंडोबाला वाहिलेली. लग्न देवाशी लागलेलं आणि देव काही मरत नाही, म्हणजे ती जन्माची सवाष्ण. अशा बाईची ओटी भरली, तिच्या हातचं कुंकू लावून घेतलं, की आपलंही कुंकू टिकतं, हे बायकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. त्यात तिचा आवाज गावोगावच्या ग्रामोफोनच्या तबकड्यांवर. मग काय विचारता! दुसरी मोठी लढाई संपली त्या हिवाळ्यात तिने नगरच्या मैदानावर तंबू ठोकला. दुपारी खास बायकांचा खेळ, दिवस मावळताना सगळ्यांचा. दुपारचा खेळ सुटला की कनातीमागे लुगड्यांची रांग लागायची. हातात खण, नारळ, तांदूळ, आणि तोंडात पुढच्या बाईला शिव्या.

त्या रांगेच्या कडेला तिसगावची राही उभी होती. तिने तिथे उभं राहायला नको होतं, कारण ती विधवा होती.

राहीचा नवरा गोरक्ष पलटणीत होता. शेवटच्या रजेवर आला तेव्हा त्याने चावीचा बाजा आणला आणि तबकडी एकच आणली, बनुबाईची. 'ओंबी भरली राया, राखणीला ये' हे गाणं. रजा संपेपर्यंत तो तेच गाणं लावत होता. राही भाकरी थापत असली तरी चावी द्यायला तिलाच हाक मारायचा. मग तो इटलीत मेला. तार आली, बांगड्या फुटल्या, आणि धाकटा दीर कारभारी याने बाजा उचलून आपल्या ओसरीवर नेला. तबकडी त्याने एकदा लावली आणि 'रडकं गाणं' म्हणून फडताळात टाकली. राहीला ते गाणं पुन्हा ऐकायला मिळालं नाही.

राहीला एक मुलगा होता, भीमा. चार वर्षांचा. गोरक्षाच्या वाट्याची जमीन आता त्याची होती. त्यामुळे कारभाऱ्याला पोर घरात हवं होतं. पोराची आई मात्र नको होती, कारण आई राहिली तर आज ना उद्या वाटणी मागणार. पण भावाच्या बायकोला घालवायचं तर गावाला पटेल असं कारण लागतं आणि राही कारण देत नव्हती. पहाटे जातं, दिवसभर शेत, खाली मान, कपाळापर्यंत पदर. कारभारी तिला 'वयनी, वयनी' करत होता आणि वाट बघत होता.

त्या दिवशी तो तुरीची गाडी घेऊन नगरला आला होता. त्याची बायको चांगुणा हिला बनुबाईचा खेळ बघायचा होता. चांगुणाचं तान्हं राहीवाचून राहत नसे आणि भीमाही आईवाचून राहत नसे, म्हणून सगळीच आली. खेळात राही तंबूच्या अगदी मागे, चांगुणाचं तान्हं मांडीवर थोपटत बसली. बनुबाई दोन तास गायली. ओंबीचं गाणं तिने म्हटलं नाही.

चांगुणा रांगेत शिरली, ओटी भरून, कुंकू लावून मिरवत बाहेर आली, तान्हं आपल्या खांद्यावर घेतलं आणि म्हणाली, "मी बांगड्या भरून येते. तुमी गाडीकडं व्हा जाऊबाई. हितं सवाष्णींच्यात नका हुबं राहू, बरं दिसत न्हाई."

राही गाडीकडे गेली नाही. भीमा तिकडे गाडीत कारभाऱ्यापाशी झोपला होता, त्याची काळजी नव्हती. तिच्या पदराच्या गाठीला मूठभर गहू होते, गोरक्षाच्या शेताच्या पट्टीतले. ते तिने घरून निघतानाच बांधून घेतले होते. ते गहू त्या बाईच्या ओटीत घालायचे आणि तिच्या तोंडून त्या गाण्याची एक ओळ ऐकायची, एवढंच तिला हवं होतं. मला विचाराल तर एवढंसं हवं असणं फार वाईट. जमीन मागणारा माणूस वकील गाठतो, एका ओळीसाठी जीव टाकणाऱ्याला कोण सावध करणार?

कनातीच्या तोंडाशी कडूबाई बसली होती. बनुबाईची जुनी बाई, तिचे केस विंचरणारी आणि माणसं निवडणारी. एकेका कपाळाकडे बघून ती आत सोडत होती. तेवढ्यात तिने रांगेतल्या एकीचा हात धरला.

"ए, पांढऱ्या कपाळाची! हो बाजूला."

मागच्या बायका किंचाळल्याच. "अगं बाई, रांडमुंड शिरलीया!" "हात लावला का गं तिनं माझ्या ताटाला?"

"ओरडू नगा," ती बाई हसून म्हणाली. "नवरा जिता हाय माझा. तिसगावच्या मिशनच्या शाळेत मास्तर हाय. आमी ख्रिस्ती. आमच्यात कुंकू लावत न्हाईत."

ती मरिया होती, आमोस मास्तरांची बायको. कडूबाईने तिच्या हातातल्या काचेच्या बांगड्या चाचपून पाहिल्या.

"मंग वटी कशाला भरतीस?"

"वटी न्हाई. गाणं आवडलं म्हनून पेरू आणल्यात."

"जा. पन आधी सांगत जा बाई. मागं श्रीगोंद्याला एका विधवेनं फसवून वटी भरली आन बाईंचा गळा बसला. ही गोष्ट फुटली, तशी गावातली एक सवाष्ण परत तंबूत आली न्हाई. गुंडाळून जावं लागलं आमाला." मग कडूबाई रांगेकडे बघून ओरडली, "आतली बाहेर येऊ दे गं, मंग शिरा!"

मरिया दारापासून जरा लांब, कनातीच्या कडेला थांबली आणि राहीने तिला गाठलं. दोघी एकाच गावच्या, ओढ्यावर धुणं धुताना बोलणाऱ्या.

"मरियाबाई, मला तुमच्यातली म्हना."

"काय?"

"मी तुमच्याबरुबर हाय म्हना. मला येकदा आत जाऊ द्या. तुमचं कपाळ तसंच माजं."

मरियाने आवाज खाली आणला. "खोटं बोलायचं व्हय?"

"येवढंच. परत जन्मात मागनार न्हाई."

मरिया वाईट नव्हती. पण मोकळं कपाळ म्हणजे काय, हे तिला कधी सोसावं लागलं नव्हतं. तिच्या घरात कपाळ तसंच असायचं आणि तरी नवरा संध्याकाळी सायकलवरून घरी यायचा. त्यात एवढं काय आहे, असं तिला मनापासून वाटलं. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि आपल्या हातातल्या दोन बांगड्या काढून राहीच्या मनगटांत सरकवल्या. घट्ट बसल्या. दाराशी ती कडूबाईला म्हणाली, "ही बी माजीच. राहेल नाव हिचं." रांग मागून ढकलत होती. कडूबाईने बांगड्या पाहिल्या आणि सोडलं.

आत बनुबाई खाटेवर बसली होती. पाय घमेल्यातल्या कोमट पाण्यात, तोंडावरचा रंग अर्धा पुसलेला. बाजूला नारळांचा ढीग. तिने मरियाच्या पेरूंकडे बघितलंही नाही. पण राही पुढे झाली, गुडघे टेकले आणि गाठ सोडून तिच्या पदरात गहू घातले, तेव्हा बनुबाईने मान वर केली.

"ख्रिस्तीण ना तू? आणि ओटी भरतेस? कडूबाई, बघा तरी! ख्रिस्ती बायासुद्धा यायला लागल्या आता माझ्याकडे." तिला भारी गंमत वाटली. "नाव काय म्हणालीस?"

"राही..."

"राहेल, तिसगावची," मरिया म्हणाली.

"नवरा काय करतो?"

"पलटनीत. इटलीला."

"नाव घे की त्याचं. लाजू नकोस, माझ्यापुढे सगळ्या घेतात."

नवऱ्याचं नाव राहीने लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. ती म्हणाली, "गोरक्ष."

"ख्रिस्तिणीचा नवरा गोरक्ष?" कडूबाई दारातून म्हणाली.

"आमच्यात ऱ्हात्यात की जुनी नावं," मरिया म्हणाली.

"लढाई तर संपली. आला का परत?" बनुबाईने विचारलं.

राहीने तिच्याकडे पाहिलं. तो आवाज इतक्या जवळून, तिलाच विचारत होता. "येत्याल," ती म्हणाली.

मग एका दमात तिने सांगून टाकलं. चावीचा बाजा, एकच तबकडी, ओंबीचं गाणं. एक ओळ म्हणाल का बाई, एकच. बनुबाईला ते गाणं आठवायला वेळ लागला. पण आठवल्यावर तिचा चेहरा निवळला, कारण गाणाऱ्याला आपलं विसरलेलं गाणं कुणी मागितलं की बरं वाटतंच.

"आत्ता नको. गळा राखायचाय. संध्याकाळी म्हणते, खास तुझ्यासाठी. बाहेर कर्ण्याखाली उभी राहून ऐक." आणि तिने करंड्यात बोट बुडवलं. "तुमच्यात नसेल लावत. पण माझ्या हातचं लावून घे. नवरा सुखरूप येईल."

राही मागे सरकायच्या आत ते बोट तिच्या कपाळावर टेकलं. चांगलं रुपयाएवढं कुंकू.

बाहेर आल्यावर मरिया घाबरली. "पुसा, पुसा ते." राहीने हात वर नेला आणि तसाच खाली आणला. बांगड्याही निघेनात, हात सुजल्यासारखा झाला होता. "गावात द्या," मरिया म्हणाली आणि शहरातल्या नणंदेच्या मुक्कामाला निघून गेली. राहीने पदर भुवयांपर्यंत ओढला आणि गाडीशी येऊन भीमाला भाकरी चारली. पुसायचं होतंच. गाणं होईपर्यंत राहू दे, मग पुसू, असं ती स्वतःशी म्हणत राहिली. बाईने नवऱ्यासाठी लावलेलं ते कुंकू होतं. मेलेल्या का होईना, पण नवऱ्यासाठी.

दिवस कलला. कारभारी कोरा पटका बांधून तिसगावच्या चारसहा जणांबरोबर तंबूत गेला. बायका गाड्यांपाशी चुलीभोवती बसल्या. राही भीमाला मांडीवर घेऊन कर्ण्याच्या दिशेला तोंड करून बसली. तीन-चार गाणी झाली. मग कर्ण्यातून बनुबाई बोलली.

"आता एक जुनं गाणं. आज दुपारी तिसगावची एक बाई आली होती. राहेल तिचं नाव. ख्रिस्ती आहे, तरी पदरात गहू बांधून माझी ओटी भरायला आली. मी माझ्या हाताने तिला कुंकू लावलं. तिचा नवरा गोरक्ष इटलीला पलटणीत आहे. तो सुखरूप घरी येवो. देवाला जात नसते, मंडळी!"

तंबूत टाळ्या कडाडल्या. चुलीपाशी चांगुणाच्या हातातली पळी थांबली. सगळ्या बायका राहीकडे बघायला लागल्या. आणि कर्ण्यातून ओंबीचं गाणं सुरू झालं.

राहीने ते पुरतं ऐकलं. पळून जायला जागा नव्हती, आणि असती तरी ती उठली नसती, असं मला वाटतं. भीमा म्हणाला, "आये, बाज्यातलं गानं." ती म्हणाली, "व्हय." गाणं संपायच्या आत कारभारी तंबूतून बाहेर आला होता.

तो ओरडला नाही. त्याला ओरडायची गरजच नव्हती. कंदील उचलून तो म्हणाला, "वयनी, पदर मागं घ्या."

तिने घेतला नाही, तेव्हा चांगुणाने ओढला. कुंकू घामाने ओघळून नाकापर्यंत आलं होतं.

"माझ्या कर्मा!" चांगुणा म्हणाली. "आन बांगड्या बी! आमची वटी नासवली गं हिनं. आमच्या कुंकवाला गिळाया बसली ही."

"लबाडी केली भावजी," राही म्हणाली. "येका गान्यापायी. मी बाटले न्हाई. मरियाबाईला इचारा."

"मरियाबाईला काय इचारायचं? ती तर तिकडचीच." कारभाऱ्याचा आवाज फारच मऊ झाला. भोवती तिसगावचे लोक जमले होते, तो त्यांना ऐकू जाईल असं बोलत होता. "हे बघा वयनी. तुमी राही असाल, तर इधवा बाईनं कुंकू लावलं, ह्ये पाप झालं. दंड भरू, देवाला अभिषेक करू, पोराची आई म्हनून घरात ठिवून घेऊ. पर तुमी राहेल असाल तर आमी कसं घरात घ्यावं? उद्या माझ्या पोरींची लग्नं हायती. आता ह्ये नाव ज्या बाईनं जगाला सांगितलं, तिनंच येऊन सांगावं की चूक झाली, ही राहीच हाय. काय मंडळी, वावगं बोललो का?"

मंडळींना त्यात वावगं काहीच दिसलं नाही. उलट दीर किती समजूतदार आहे, असं त्यांना वाटलं. कारभाऱ्याने आयुष्यभर माल विकून देणाऱ्या आडत्यांशी व्यवहार केला होता. आपल्या मालात खोट आहे असं कुठलाच आडत्या भर बाजारात बोलणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

तेव्हा राही पुन्हा कनातीमागे जाऊन उभी राहिली. या वेळी पुरुषांच्या गर्दीत. कुणी तिच्या पायावर पाय दिला, कुणी अंधाराचा फायदा घेऊन चिमटा काढला. रोज इथे उभे राहणारे दोघेतिघे तिला बघून हसले, "आता बाया बी मोटारीला हात लावाया लागल्या का!" दुपारच्या सवाष्णीही बऱ्याच थांबल्या होत्या, बनुबाईला अजून एकदा बघायला. मागे कारभारी भीमाला कडेवर घेऊन उभा होता.

बनुबाई शाल पांघरून बाहेर आली. गर्दी उसळली. राही तिच्यात कशी शिरली देव जाणे, पण मोटारीच्या दाराशी तिने बनुबाईचे पाय धरले.

"अगं, राहेल!" बनुबाई खरंच खूश झाली. "ऐकलंस ना?"

"बाई, मी राहेल न्हाई. राही हाय. खोटं बोलले मी. माजे मालक गेले, मी इधवा हाय. येवढं सांगा ह्यांना. न्हाईतर माजं पोर काढून घेत्याल. येवढं सांगा, तुमच्या पाया पडते."

 बनुबाईच्या ओठांवरचं हसू तसंच राहिलं आणि डोळे मात्र बदलले. तिला सगळं कळलं होतं, याची मला खात्री आहे. तिने राहीच्या कपाळाकडे पाहिलं, कारभाऱ्याच्या कडेवरच्या पोराकडे पाहिलं. मग तिने कनातीपाशी उभ्या असलेल्या सवाष्णींकडे पाहिलं, ज्यांच्या कपाळावर तिचंच कुंकू होतं आणि ज्या श्वास धरून उभ्या होत्या. बाजूला कडूबाई होती. श्रीगोंदा दोघींना आठवलं असणार.

बनुबाईने वाकून राहीला खांद्यांना धरून उठवलं. लोकांना वाटलं, किती माया!

"काय बोलतेस हे?" ती मोठ्याने म्हणाली, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात. तो आवाज तिच्याकडे होताच. "घरच्यांना घाबरलीस होय? घाबरू नकोस. मंडळी, ही राहेल. ख्रिस्ती आहे आणि हिचा नवरा जिवंत आहे. दुपारी हिने स्वतःच्या तोंडाने मला सांगितलं. विधवेच्या हातची ओटी बनुबाई घेत नाही आणि विधवेला कुंकू लावत नाही."

"बाई..."

"नवरा येईल हो तुझा," बनुबाई म्हणाली आणि मोटारीत बसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सवाष्णींनी सुटकेचा श्वास टाकला. मोटार निघाली तशी पोरंटोरं नि बाप्ये तिच्या मागे धावले.

"ऐकलं समद्यांनी," कारभारी म्हणाला.

राही त्याच्याकडे धावली. भीमाने हात पुढे केले होते. तिसगावच्या लोकांनीच तिला अडवलं, तेही अदबीने, कारण आता ती परक्या घरची बाई होती. "जाऊ द्या बाई. शिवू नका पोराला." गाडी जुंपलेलीच होती. भीमाचा 'आये' मैदानाच्या कोपऱ्यापर्यंत ऐकू येत होता. मग चांगुणाने त्याच्या तोंडात गुळाचा खडा घातला असावा.

मरियाने तिला ठेवून घेतलं. खूप रडली मरिया, आमोस मास्तर गावात चारदा समजावायला गेले. गावाने त्यांना चहा पाजला आणि परत पाठवलं. मिशनच्या आवारात राही अजून राहते. पोरांचे कपडे धुते, अंगण झाडते. तिकडची माणसं तिला राही म्हणायला तयार होती, पण गावात तिला सगळे राहेलच म्हणतात आणि हाक आली की तिला ओ द्यावी लागते.

बाजा कारभाऱ्याच्या ओसरीवर आहे. ती रडकी तबकडी त्याने फडताळातून काढली. बनुबाईने भर तंबूत ज्या गाण्याबरोबर आपल्या गावाचं नाव घेतलं, ते गाणं ऐकायला आता बाजारच्या दिवशी लोक जमतात. वारा पडलेला असला तर आवाज मिशनच्या कुंपणापर्यंत जातो. राही झाडू हातात घेऊन तिथे येऊन उभी राहते, गाणं संपेपर्यंत. तिला कुणी हाकलत नाही. ओसरीवरून ती स्पष्ट दिसते, पण भीमा तिकडे मान वळवत नाही, कारण वळवली की चांगुणा चिमटा काढते. शिवाय त्याला काम असतं. गाणं मध्येच बसू नये म्हणून बाज्याला चावी द्यायला कारभाऱ्याने त्यालाच बसवलं आहे.